रातपाळीची सवय रक्तवाहिन्यांना होत नाही

नवा कामगार रातपाळीला लागला की पहिले काही दिवस त्याचे डोके जड राहते, तोंडाला चव नसते, पोट बिघडते. जुने लोक धीर देतात, ‘होईल हळूहळू सवय.’ महिन्या-दोन महिन्यांत त्रास खरोखरच कमी होतो. पहाटे तीनला पेंग येत नाही, दुपारी पंख्याखाली डोळा लागतो, घरचेही वेळापत्रक त्याच्याभोवती बसते. सवय झाली, असे त्यालाही वाटू लागते. हा लेख या सवयीबद्दल आहे. गेल्या चाळीसेक वर्षांच्या संशोधनातून दिसते ते असे, की माणूस रात्री जागा राहायला शिकतो, पण त्याचे हृदय आणि रक्तवाहिन्या शिकत नाहीत. त्या आपल्या जुन्या वेळेवरच चालत राहतात आणि त्याची किंमत दहा-पंधरा वर्षांनी कळते.

महाराष्ट्राला पाळीचे काम नवे नाही. 1905च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळल्यावरही साचे चालू ठेवता येऊ लागले. कामाचे तास इतके लांबले की त्याविरुद्ध तेव्हाच ओरड झाली. पुढे तीन पाळ्या रुळल्या. गिरणगावातल्या गाळ्यांत एकाच जागेवर पाळीपाळीने माणसे झोपत. एक कामावर गेला की दुसरा त्याच्या वळकटीच्या जागी आपली वळकटी पसरायचा. आज गिरण्या गेल्या, पाळ्या राहिल्या. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूरचे कारखाने आहेत, औष्णिक वीज केंद्रे आहेत, रुग्णालयांतल्या परिचारिका, पोलीस, रेल्वे आणि एसटीचे कर्मचारी, सोसायट्यांचे वॉचमन आहेत. हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारी मुलेमुली आहेत. आणखी एक मोठा वर्ग आहे, ज्याला पाळीचा कामगार कुणी म्हणत नाही. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, म्हणून उसाला, गव्हाला पाणी द्यायला रात्री बाराला बॅटरी घेऊन बांधावर जाणारा शेतकरी. त्याच्या नशिबी फिरती पाळीच आहे, फक्त तिला हजेरीपट नाही.

या विषयातला एक महत्त्वाचा पुरावा स्वीडनमधून आला. अँडर्स क्नुटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कागद कारखान्यातल्या 504 पुरुष कामगारांचा 15 वर्षे पाठपुरावा केला आणि 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. पाळीत काम करणाऱ्यांना दिवसपाळीवाल्यांपेक्षा हृदयविकार जास्त होत होता, आणि पाळीत जितकी वर्षे जास्त, तितका धोका जास्त. 16 ते 20 वर्षे पाळीत काढलेल्यांत तो 2.8 पट होता.

मला या अभ्यासातला पुढचा आकडा अधिक बोलका वाटतो. 20 वर्षांपेक्षा जास्त काळ पाळीत असलेल्यांत धोका चढायचा तो एकदम खाली आला. म्हणजे वीस वर्षांनी शरीराला सवय होते का? तसे नाही. ज्यांना झेपले नाही ते तोवर आजारी पडून, बदली मागून किंवा नोकरी सोडून बाहेर पडलेले असतात. मागे उरतात ते मुळातच काटक. कारखान्याच्या गेटवर ‘मी पंचवीस वर्षे थर्ड शिफ्ट केली, मला काही झाले नाही’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. पण त्याच्याबरोबर लागलेले आणि मधल्या काळात गळालेले लोक तिथे सांगायला उभे नसतात. सवयीवरचा आपला विश्वास असा उरलेल्यांच्या साक्षीवर उभा आहे.

एका कारखान्याचा अभ्यास पुरेसा नसतो, म्हणून पुढचे आकडे पाहायला हवेत. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून 1995 साली दिसले, की सहा किंवा जास्त वर्षे फिरत्या रातपाळ्या केलेल्यांत हृदयधमनीच्या विकाराचे प्रमाण सुमारे दीडपट होते. 2016 साली त्याच परंपरेतल्या दोन गटांतल्या 1 लाख 89 हजार परिचारिकांची 24 वर्षांची माहिती तपासली, तेव्हा फरक लहान निघाला. दहा किंवा जास्त वर्षे रातपाळ्या केलेल्यांत धोका 15 ते 18 टक्के अधिक होता. रातपाळी सोडल्यावर जशी वर्षे गेली तसा तो कमी होत गेला, हा त्यातला दिलाशाचा भाग. 2012 साली ‘बीएमजे’त 34 अभ्यास आणि 20 लाखांवर माणसे एकत्र धरून हिशेब मांडला गेला, त्यात पाळीच्या कामगारांत हृदयविकाराचा झटका 23 टक्के जास्त दिसला. 2018च्या एका एकत्रित विश्लेषणात जादा धोका 17 टक्के होता, आणि पहिल्या पाच वर्षांनंतर दर आणखी पाच वर्षांमागे तो साधारण 7 टक्क्यांनी वाढत होता.

17 टक्के म्हणजे किती, हे नीट समजून घेऊ. दिवसपाळीतल्या ज्या गटात 100 जणांना हृदयाचा आजार होईल, तेवढ्याच आकाराच्या रातपाळीच्या गटात 117 जणांना होईल. धूम्रपानाशी तुलना केली तर हे कमी आहे, आणि रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला झटका येणार असे तर अजिबात नाही. पण धूम्रपान सोडता येते, पाळी सोडली तर चूल थंडावते. शिवाय दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका मुळातच लवकर येतो. 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हे वय आपल्याकडे सरासरी 53, तर इतरत्र जवळपास 59 निघाले. आधीच अलीकडे सरकलेल्या वयावर हे 17 टक्के पडतात, म्हणून मला ते लहान वाटत नाहीत.

आता हे होते कसे, याकडे वळू. शरीरात वेळ पाळणारी यंत्रणा आहे, हे माणसाला लाजाळूच्या झाडाने दाखवले. 1729 साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली. सूर्य दिसत नसतानाही झाडाला दिवस कळत होता. 1971 साली कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांना फळमाशीत असे जनुक सापडले, की ते बिघडले की माशीचा दिवस लांबतो, आखडतो किंवा पार विस्कटतो. ते जनुक पेशीत नेमके काय करते हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017चे नोबेल मिळाले. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी आधी गुहेतल्या वटवाघळांवर आणि पुढे घड्याळ व सूर्यप्रकाश नसलेल्या खोलीत राहणाऱ्या माणसांवर या विषयाचे काम केले. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव आहे, पण मराठी वाचकांपर्यंत ते फारसे पोचलेले नाही.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्या जागेच्या जरा वर आहे. सुमारे 20 हजार पेशींचा एक इवलासा पुंजका. डोळ्यातल्या काही खास पेशी, विशेषतः निळसर उजेड पडला की, त्याला दिवस उगवल्याचा निरोप देतात. पण घड्याळ एकच नाही. यकृतात, स्वादुपिंडात, मूत्रपिंडात, हृदयाच्या स्नायूत, रक्तवाहिनीच्या भिंतीत, जवळजवळ प्रत्येक पेशीत तेच जनुकांचे चक्र फिरत असते. मुख्य घड्याळ उजेडावर लावले जाते, यकृतासारख्या अवयवांची घड्याळे जेवणाच्या वेळेवर. दिवसा जागणाऱ्या, दिवसा जेवणाऱ्या माणसात ती सगळी एकमेकांना धरून असतात. रातपाळीत उजेड एक सांगतो, पोटात पडलेला घास दुसरे सांगतो, झोप तिसरेच सांगते. मोठ्या जंक्शनवर स्टेशनमास्तर, सिग्नल केबिन आणि गार्ड यांची घड्याळे वेगवेगळी वेळ दाखवू लागली, तर गाड्या धावतील, पण खोळंबा रोजचा होईल आणि कधीतरी अपघातही होईल. शरीराचे साधारण तसे होते.

हृदयाला याचा त्रास नेमका कुठे होतो? सुरुवात रक्तदाबापासून करू. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो. धमन्यांना चोवीस तासांत मिळणारी खरी विश्रांती ती एवढीच. ज्यांचा दाब रात्री उतरत नाही, त्यांना पक्षाघात, हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा त्रास अधिक होतो, हे डॉक्टरांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. दिवसा झोपणाऱ्याला हा उतार पुरता मिळत नाही, कारण तो झोपलेला असला तरी त्याच्या शरीराच्या हिशेबाने दुपार चालू असते. बोस्टनच्या प्रयोगशाळेत फ्रँक शीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 14 निरोगी माणसांचे झोपणे-उठणे मुद्दाम बारा तासांनी उलटे केले. त्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, थोड्या दिवसांतच या लोकांचा चोवीस तासांचा वरचा रक्तदाब सरासरी 3 आणि खालचा 1.5 अंकांनी वाढला. जास्त वाढ झोपेच्या काळातली होती. रक्तातली सूज दाखवणारी द्रव्येही वाढली.

तीन अंक म्हणजे काहीच नाही, असे वाटू शकते. 140चे 143 झाले तर घरी कोण घाबरणार? पण जगभरातल्या सुमारे दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून 2002 साली काढलेला हिशेब असा आहे, की मध्यमवयात वरचा रक्तदाब कायमचा फक्त 2 अंकांनी कमी असला तर पक्षाघाताने होणारे मृत्यू साधारण 10 टक्क्यांनी आणि हृदयधमनीच्या विकाराने होणारे 7 टक्क्यांनी कमी होतात. रक्तदाबाच्या बाबतीत लहान आकडा वर्षानुवर्षे टिकला की मोठा होतो.

दुसरी जागा रक्तवाहिनीचे अस्तर. रक्तवाहिनी ही नुसती नळी नाही. आतून तिला पेशींचा एकेरी थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. तो गुळगुळीत आणि जिवंत असतो. रक्ताचा वेग वाढला की तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतो, त्याने भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंद होते. हा शोध इतका मोलाचा ठरला की 1998चे वैद्यकाचे नोबेल त्यालाच मिळाले. डॉक्टर हे अस्तर तपासतात ते असे : दंडाला पट्टा आवळून रक्त काही मिनिटे अडवायचे, मग एकदम सोडायचे आणि धमनी किती फुलते ते सोनोग्राफीवर पाहायचे. रात्रभर ड्युटी केलेल्या डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर ही चाचणी केली, तेव्हा त्यांच्या धमन्या विश्रांतीनंतरच्या मानाने कमी फुलल्या. एका रात्रीचा हा परिणाम भरून निघतो. पण जे अस्तर वारंवार असे मरगळते, त्याखाली चरबी साचायला आणि सूज धरायला सोपे जाते. धमनीत गाठ बनण्याची सुरुवात तिथून होते.

तिसरी गोष्ट रक्ताच्या गुठळीची. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त येतात, हे 1985 साली जेम्स मुलर यांच्या अभ्यासाने दाखवले. सकाळी रक्तदाब चढतो, रक्तातल्या चपट्या पेशी जास्त चिकट होतात आणि गुठळी विरघळू न देणारे एक प्रथिन पहाटे साडेसहाच्या आसपास सर्वाधिक असते. हे प्रथिन झोपेतून उठल्यामुळे वाढत नाही. माणूस झोपलेला असो की जागा, आतले घड्याळ ते त्या वेळी वाढवतेच. आता पाळी सुटताना काय होते ते पाहा. रात्रभर जागून, दमून, चहा-तंबाखूवर तग धरून माणूस नेमका त्याच वेळी मोटरसायकलला किक मारतो किंवा बससाठी धावतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी येणे हृदयाला मानवणारे नसावे. हा माझा तर्क आहे, पण त्यातला प्रत्येक दुवा मोजलेला आहे.

चौथी गोष्ट साखरेची आणि चरबीची. तेच जेवण, तेवढेच ताट, पण रात्री जेवले तर रक्तातली साखर जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. रात्री मेलाटोनिन हे संप्रेरक वाढलेले असते आणि ते इन्सुलिनचा स्राव मंदावते. शीअर यांच्याच 2009च्या प्रयोगात दहा जणांना 28 तासांचा ‘दिवस’ लावून त्यांचे घड्याळ आणि दिनक्रम यांची फारकत केली. शरीराच्या हिशेबाने रात्र असताना ते जागत आणि जेवत होते, त्या दिवसांत साखर 6 टक्क्यांनी आणि इन्सुलिन 22 टक्क्यांनी वाढले, आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन 17 टक्क्यांनी घटले. जेवणानंतरची साखर तपासलेल्या आठ निरोगी माणसांपैकी तिघांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर गेली होती. हे दहा दिवसांच्या प्रयोगात घडले. वर्षानुवर्षे तसेच चालले तर पोट सुटते, साखर वाढते आणि मधुमेह दारात येतो, आणि मधुमेह आला की धमन्यांचे नुकसान आलेच.

घड्याळाचा मेळ तुटणे एवढ्यानेच हृदय बिघडते, की त्याला चहा-तंबाखू, तेलकट खाणे, झोपमोड जबाबदार आहे? हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. त्याचे एक उत्तर मला फार विलक्षण वाटते, ते हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याने दिले. काही हॅमस्टर जन्मतःच असे असतात की त्यांचे आतले घड्याळ 22 तासांचे असते. टामी मार्टिनो यांच्या गटाने 2008 साली दाखवले, की अशा हॅमस्टरांना आपल्या 24 तासांच्या उजेड-अंधारात ठेवले तर त्यांचे हृदय आणि मूत्रपिंड खराब होतात. त्याच जातीच्या हॅमस्टरांना 22 तासांच्या दिवसात ठेवले, तर त्यांची हृदये धडधाकट राहतात. त्यांच्यापुढे टपरी नव्हती, तंबाखू नव्हती, नोकरीची काळजीही नव्हती. दोन तासांचा बेमेळ तेवढा होता. प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसावर जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. पण कामगाराच्या आजाराचे खापर त्याच्या सवयींवर फोडण्याआधी हा प्रयोग आठवावा.

मग घड्याळच रातपाळीला लावून घेता येत नाही का? सायमन फोकार्ड यांनी 2008 साली कायमची रातपाळी करणाऱ्यांवरचे अभ्यास तपासले. ज्यांचे आतले घड्याळ रातपाळीला पूर्ण जुळले असे लोक 3 टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि बऱ्यापैकी जुळलेले चारात एकसुद्धा नव्हते. कारण सकाळचा उजेड. पाळी सुटल्यावर घरी जाताना ऊन डोळ्यांवर पडते आणि मेंदूतला पुंजका पुन्हा दिवसावर येतो. सुट्टीच्या दिवशी माणूस घरच्यांबरोबर दिवसा जागतो, तेव्हाही तेच. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर काम करणाऱ्यांची घड्याळे मात्र काही दिवसांत रातपाळीला जुळतात, असे ब्रिटिश संशोधक जोसेफीन अरेंट यांच्या गटाला आढळले. तिथे पाळी संपली की कामगार आतल्या आतच झोपायला जातो, घरी जाण्याचा प्रवास नाही, आणि जागे राहिलेच पाहिजे असे घरदारही जवळ नाही. म्हणजे जुळण्याची किंमत दिवसाच्या जगापासून तुटणे ही आहे. पोराबाळांत राहणाऱ्या माणसाने ती द्यावी, असे मला वाटत नाही.

झोपेचे गणित तर आपल्या घरांत आणखी अवघड आहे. दिवसाची झोप रात्रीपेक्षा दोन-तीन तासांनी आखूड असतेच. त्यात एका खोलीचे घर, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, शेजारचे बांधकाम. बाईची गत आणखी वाईट. रुग्णालयातून नाइट ड्युटी करून आलेली सिस्टर आधी डबे भरते, मुलांना शाळेत पाठवते, सासू-सासऱ्यांचा चहा-नाश्ता पाहते आणि मग दोन तुकड्यांत झोपते. दिवसा झोपणाऱ्या पुरुषासाठी घर आवाज कमी करते, तिच्यासाठी तेवढेही करत नाही. घरातली बाई रातपाळी करत असेल तर सकाळची कामे इतरांनी उचलणे हा तिच्या हृदयावरचा उपचारच आहे, असे मी मानतो. खिडकीला जाड काळा पडदा, फोन दुसऱ्या खोलीत आणि कामावर जाण्याआधी संध्याकाळी तासाभराची डुलकी, हे बहुतेकांना जमण्यासारखे आहे.

खाण्याबद्दल अलीकडे हाती लागलेली गोष्ट मला सगळ्यात आशादायक वाटते. सारा चेलप्पा आणि शीअर यांनी वीस तरुण निरोगी माणसांना उलट्या दिनक्रमात ठेवले. एका गटाला दिवसा आणि रात्री दोन्ही वेळी जेवण दिले, तर दुसऱ्याला फक्त दिवसाच्या तासांत. जागरण दोघांचे सारखेच होते. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रात्री जेवणाऱ्या गटात हृदयाच्या नसांवरचा ताण आणि गुठळी टिकवणारे ते प्रथिन यांची मोजमापे बिघडली, दिवसा जेवणाऱ्या गटात तशी बिघडली नाहीत. वीस माणसे म्हणजे फार थोडी, हे मान्य. तरी यातून निघणारा सल्ला बिनखर्चाचा आणि बिनधोक आहे. मुख्य जेवण पाळीला जाण्याआधी करावे. मध्यरात्र ते पहाट या वेळात भरल्या ताटाची सुट्टी टाळावी. भूक लागलीच तर फळ, चणे-शेंगदाणे, ताक असे थोडके घ्यावे. पहाटे तीनचा वडापाव आणि तीन चमचे साखरेचा चहा सगळ्यात वाईट वेळी पोटात जातो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपाशी राहण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, साखर एकदम उतरू शकते. तंबाखूची चिमूट जाग आणते ती निकोटिनमुळे, आणि तेच निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवते. जागरणाने दमलेल्या धमन्यांवर तो दुसरा मार आहे.

डॉक्टरकडे गेल्यावर ‘मी पाळीत काम करतो’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. ‘गोळी सकाळी घ्या’ असे चिठ्ठीवर लिहिलेले असते, पण ज्याची सकाळ झोपायची वेळ आहे त्याने काय करायचे, हे विचारून घ्यावे. स्वतःच वेळ बदलू नये. दवाखान्यात एकदा मोजलेला दाब नॉर्मल आला तरी झोपेतला उतार होतो की नाही हे त्यातून कळत नाही. दंडाला बांधून चोवीस तास दाब नोंदवणारे यंत्र असते, दहा वर्षे रातपाळी झालेल्यांनी त्याबद्दल जरूर विचारावे. आणि पाळीच्या शेवटी छातीत जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, दरदरून घाम, दम लागणे असे काही झाले तर जागरणाची अ‍ॅसिडिटी समजून सोड्यावर भागवू नये. स्त्रियांत तर अनेकदा नुसता थकवा आणि मळमळ एवढेच दिसते. घरी जाऊन झोपतो, असे म्हणत गाडी चालवू नये. 108ला फोन करावा आणि ईसीजी काढावा.

पण काळजीचा सगळा भार कामगारावर टाकून चालणार नाही, कारण पाळीचा तक्ता तो लावत नाही. आणि तक्ता कसा लावला यावर बरेच काही अवलंबून असते. माणसाचे आतले घड्याळ 24 तासांहून किंचित मोठे आहे, सरासरी सुमारे 24 तास 11 मिनिटे. त्यामुळे उशिरा झोपणे त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. पाळी पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत अशी पुढे सरकली तर शरीराला त्यातल्या त्यात सोसते, पहिलीतून तिसरीत आणि तिसरीतून दुसरीत अशी मागे सरकली तर जड जाते. स्वीडनच्या क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर यांनी स्टॉकहोमच्या पोलिसांवर हे तपासले आणि 1983 साली मांडले. तेच पोलीस, तेच काम, पण पाळ्या पुढे सरकत होत्या तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड ही चरबी मागे सरकणाऱ्या पाळ्यांपेक्षा कमी होती. तक्त्यावरच्या बाणाची दिशा तेवढी बदलली होती.

युरोपीय संघात 2003च्या नियमाने दोन पाळ्यांमध्ये सलग 11 तास विश्रांती द्यावी लागते, आणि रातपाळीला घेण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने मोफत आरोग्य तपासणी करावी लागते. आपल्याकडे रात्री अकराला सेकंड सोडून सकाळी सातला फर्स्टला हजर राहणारे कितीतरी जण आहेत. प्रवास वजा केला तर झोपायला पाच तासही हाती राहत नाहीत. मुंबई पोलिसांत 2016 साली तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात देवनार पोलीस ठाण्यात बारा तासांऐवजी आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला. त्याची कल्पना त्याच ठाण्यातल्या एका पोलीस शिपायाने मांडली होती. ज्याला सोसावे लागते त्याला उपाय सुचतो, आणि ऐकणारा भेटला तर तो अमलातही येतो. पुढे हा प्रयोग इतर ठाण्यांत नेला गेला.

वेतनकरारात नाइट अलाउन्स किती रुपयांनी वाढवायचा यावर रात्र-रात्र घासाघीस होते. ते पैसे कामगाराला मिळालेच पाहिजेत. पण त्याच टेबलावर आणखी चार गोष्टी मागायला हव्यात. पाळ्या पुढे सरकणाऱ्या हव्यात. सलग रातपाळ्या तीनच्या आसपास हव्यात. दोन पाळ्यांत किमान अकरा तासांचे अंतर हवे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, चरबी आणि ईसीजी तपासला जावा आणि त्यात दोष निघालेल्याला पगार न कापता दिवसपाळी मिळावी. यातल्या पहिल्या दोन मागण्यांना कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत मागणी एकच आहे, दिवसा वीज. महाराष्ट्राने 2017 साली शेतीच्या वीजवाहिन्यांसाठी सौर प्रकल्पांची योजना आखली, तिचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणे हा आहे. ती ज्या ज्या गावात पोचेल, तिथल्या शेतकऱ्याची रातपाळी कायमची संपेल. साप-विंचवाचे भय जाईल म्हणून तो खूश होईलच. त्याच्या रक्तदाबाचा विचार या योजनेच्या कागदांत कुणी केला नसला, तरी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने तो आतापासून मोजून ठेवावा, वीज येण्याआधी एकदा आणि आल्यानंतर वर्षाने एकदा.